या चार वर्षांना वाली कोण?

अनसिंग या गावाचे नाव परंपरा शृंगऋषींशी जोडते. वनपर्वातील ऋष्यशृंगाची कथा वाचकांना ठाऊक असेलच. विभांडक ऋषींनी आपल्या मुलाला अरण्यातील आश्रमात अशा बंदोबस्ताने वाढविले, की तारुण्याच्या उंबरठ्याशी येईपर्यंत त्याने पित्यावाचून दुसरा मनुष्य पाहिला नव्हता. पुढे अंगदेशात अवर्षण पडले. हा मुलगा राज्यात आल्यावाचून पाऊस पडणार नाही असे राजा लोमपादाला सांगण्यात आले, आणि त्याला घेऊन येण्यासाठी एक गणिका आश्रमात गेली. ती निघून गेल्यावर मुलगा पित्याला भाबडेपणाने सांगतो, की आज एक फार सुंदर ब्रह्मचारी येऊन गेला आणि त्याच्यावाचून आता मला करमत नाही. कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतात आणि श्रोते पोट धरून हसतात. आमचे लक्ष मात्र त्या बापाकडे जाते. मूल वाढते आहे हे त्याला दिसत होते. त्या वाढीविषयी मुलाशी बोलावे कसे, हे काही त्याला उमगले नाही. दहा ते चौदा या वयाच्या मुलांशी आजचा महाराष्ट्र याहून शहाणपणाने वागतो आहे, असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

वाशीम-पुसद रस्त्यावरचे अनसिंग हे भोवतालच्या खेड्यांना आणि तांड्यांना आधाराचे मोठे गाव. सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर जगणारा हा मुलूख. पाऊस लहरी, सिंचन बेताचे. अशा पंचक्रोशीतील मुलाची शाळेची वाट सरळ नसते. लहान खेड्यातील किंवा तांड्यावरील शाळा चौथी-पाचवीला संपते. पुढचे दोन-तीन वर्ग जरा मोठ्या गावी. त्यापुढे अनसिंगसारखे गाव, नाही तर थेट वाशीम. म्हणजे चौदा वर्षांचा होईतो मुलगा एकदा तरी, कधी दोनदाही, शाळा बदलून चुकलेला असतो. ज्या गुरुजींनी पहिलीत त्याचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली, त्यांना त्याचा बाप कोण, आई कोणाच्या शेतावर निंदणाला जाते, घरी वऱ्हाडी बोलतात की गोरमाटी, हे सारे ठाऊक होते. सहावीत तासागणिक शिक्षक बदलतो. गणिताचे गुरुजी गणिताचे, विज्ञानाच्या बाई विज्ञानाच्या. मुलाचे म्हणून कोणी उरत नाही. आठ दिवस तो आला नाही, तर हजेरीपटावर फुल्या पडतात. परंतु त्याच्या दाराशी जाऊन विचारपूस करणे हे आपले काम आहे असे कोणालाच वाटत नाही, कारण ते खरोखरीच कोणाचे काम म्हणून नेमून दिलेले नसते.

आणि हे सारे नेमके केव्हा होते? मुलाचे शरीर व मन जेव्हा कूस बदलत असते तेव्हा. मुलींत हा पालट साधारणपणे आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि मुलांत नऊ ते चौदाच्या दरम्यान. म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा डोकेभर उंच दिसतात, आणि या गोष्टीची दोघांनाही उगाच लाज वाटते. याच सुमारास, अकरा-बारा वर्षांच्या आसपास, डोळ्यांपुढे नसलेल्या वस्तूंविषयी विचार करण्याची शक्ती जागी होते असे पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मांडले. मेंदूचा अभ्यास करणारे अलीकडचे शास्त्रज्ञ त्यात आणखी भर घालतात. भावनांना उधाण आणणारी केंद्रे लवकर जागी होतात, तर त्यांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो, असे ते सांगतात. झोपेचे घड्याळही या वयात पुढे सरकते. घरी ज्याला आपण आळस म्हणतो आणि शाळेत ज्याला उद्धटपणा म्हणतो, त्यातील बराचसा भाग हा असा आहे. सगळा नव्हे, हेही खरे. उद्धटपणा म्हणून काही वस्तू जगात आहेच.

गंमत अशी, की सरकारच्या एका खात्याला ही सीमारेषा बरोबर ठाऊक आहे. रक्तक्षय टाळण्यासाठी शाळांतून दर आठवड्याला लोहाची जी गोळी दिली जाते, ती पाचवीपर्यंतच्या मुलांना गुलाबी असते. सहावीपासून ती निळी होते आणि तिच्यातील लोहाचे प्रमाणही वाढते. मध्यान्ह भोजनाचेही तेच. पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. औषध देणाऱ्याला आणि खिचडी शिजविणाऱ्या बाईला जे कळते, ते शिक्षणाची घडी बसविणाऱ्यांना का कळू नये? सहावीच्या मुलाला गोळी वेगळी, घास मोठा. शिकविण्याची रीत मात्र तीच, किंबहुना अधिक तुटक.

हा प्रश्न आपल्या नेत्यांना व विचारवंतांना सुचलाच नव्हता असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे अशी मागणी केली होती. आपल्याच विदर्भात, वर्ध्यास, ऑक्टोबर १९३७ मध्ये जी शिक्षण परिषद भरली, तिने सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने द्यावे असे ठरविले. झाकिर हुसेन समितीने त्याची आखणी सात ते चौदा या वयासाठी केली. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात ‘मिडल स्कूल’ हा शब्द घरोघर रूढ होता. वऱ्हाडातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी तो अजून येतो. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही या मधल्या तीन वर्षांचा टप्पा वेगळा मानला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाच-तीन-तीन-चार अशी जी रचना सांगितली, तिच्यात सहावी ते आठवीला ‘मध्यस्तर’ असे स्वतंत्र नाव दिले. नावे पुष्कळ झाली. बालभारतीने तर १९७१ च्या नोव्हेंबरात या वयासाठी ‘किशोर’ हे मासिक काढले, आणि आमच्या मते या वयाची खरीखुरी दखल घेणाऱ्या थोड्या सरकारी उद्योगांत ते अग्रगण्य आहे.

परंतु धोरणाच्या अंमलाची वेळ आली तेव्हा काय झाले? एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने नव्या धोरणाचे वेळापत्रक जाहीर केले आणि पहिलीपासून तिसरी भाषा हा वाद उसळला. सभा झाल्या, मोर्चांची तयारी झाली, आणि २९ जून २०२५ रोजी त्रिभाषेसंबंधीचे दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. भाषेचा प्रश्न क्षुल्लक होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मराठीच्या बाजूने उठलेला आवाज रास्तच होता. पण त्या सबंध गदारोळात सहावीच्या मुलाचे नाव कोणी घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्याची आठवण होते ती परीक्षेच्या वेळी. शिष्यवृत्तीची परीक्षा चौथी-सातवीतून काढून २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळविण्याचे ठरले. पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, आणि फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झाल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवावयाचे, हा निर्णय २०२३ मधला. चाळणीची भोके कोणत्या आकाराची असावीत यावर इतका खल करणाऱ्यांनी, धान्य शेतात असताना त्याला पाणी कोण देते हेही कधी विचारावे.

पाणी मिळत नाही याचा पुरावा आकड्यांत आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी साधा भागाकार करू शकणारी मुले ४५.८ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले भागाकारावाचून बीजगणिताच्या दाराशी उभी आहेत. देशातील शाळागळतीचे २०२४-२५ चे सरकारी आकडेही असेच बोलके आहेत. तिसरी ते पाचवीच्या स्तरावर २.३ टक्के, सहावी ते आठवीला ३.५, आणि नववीपासून पुढे एकदम ८.२! नववीत जो मुलगा शाळा सोडतो त्याने ती मनाने सहावी-सातवीतच सोडलेली असते. कायद्याची चौदा वर्षांची मुदत संपेपर्यंत त्याचे नाव तेवढे पटावर राहते.

अशा स्थितीत १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचा जो शासननिर्णय निघाला, त्याने आम्हांला फार अस्वस्थ केले. सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला तर तेथे नियमित शिक्षकाचे पदच मंजूर करावयाचे नाही, अशी त्याची रचना होती. त्याविरुद्ध राज्यभरच्या शिक्षकांनी २५ सप्टेंबर २०२४ रोजी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. शिक्षकांच्या प्रत्येक आंदोलनाचे आम्ही समर्थन करतो असे नाही. कित्येक वेळा त्यांत विद्यार्थ्यांपेक्षा वेतनश्रेणीचीच चिंता अधिक असते. परंतु या प्रश्नी न्याय त्यांच्या बाजूला होता. ज्या शिक्षणहक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचे निदान एकेक शिक्षक असावेत असे सांगितले, त्याच कायद्याच्या राज्यात एकोणीस मुलांच्या वाट्याला एकही शिक्षक येऊ नये, हा कोणता हिशेब?

याला सरकारपक्षाचे उत्तर आहे आणि ते आम्ही हसण्यावारी नेऊ इच्छीत नाही. सात मुलांच्या वर्गात प्रयोगशाळा येत नाही, खो-खोचा एक संघही उभा राहत नाही. या वयाला बरोबरीची मुले हवी असतात, स्पर्धा हवी असते, भांडणेही हवी असतात. म्हणून लहान शाळा एकत्र आणून समूहशाळा कराव्यात, असा विचार २०२३ मध्ये पुढे आला व पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोगांचे दाखले देण्यात आले. विचार म्हणून तो टाकाऊ नाही. पण पानशेतला मुलांना आणण्यासाठी गाडी होती. अनसिंगच्या पंचक्रोशीतील मुलांना गाडी कोण देणार? सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असा राज्याचाच नियम आहे. जुलैत ओढ्याला पाणी आले, की ते तीन किलोमीटर नकाशापुरते उरतात. आधी गाडी किंवा वसतिगृह आणि मग शाळेचे विलीनीकरण, असा क्रम ठेवण्याची हमी सरकारने द्यावी. त्या दिवशी आमचा विरोध संपेल. आजवरचा अनुभव असा, की शिक्षक आधी जातो आणि गाडी ‘विचाराधीन’ राहते.

यात मुलीची कथा तर निराळीच. पाचवीपासून तिला अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही गोष्ट सरकारला भूषणावह आहे; पण ज्या रस्त्यावर एस.टी.च नाही तेथे पासाचे करावयाचे काय? मानव विकास कार्यक्रमातील सायकल तिला आठवीपासून मिळते. म्हणजे सर्वांत नाजूक अशा पाचवी, सहावी व सातवी या तीन वर्षांत तिने चालावे! याच तीन वर्षांत तिला पाळी येते. २०१८ च्या महिला दिनी जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देणारी ‘अस्मिता’ योजना मोठ्या समारंभाने सुरू झाली; काही वर्षांतच ती बंदही पडली. शाळेतील स्वच्छतागृहाला पाणी नसले, दाराला कडी नसली, तर महिन्यातले चार दिवस ती घरी राहते. चार दिवसांत अपूर्णांकांचा धडा पुढे निघून जातो. मग आई म्हणते, हिचे डोके चालत नाही. बाप म्हणतो, रस्त्याने पोरे टवाळी करतात. आणि आजी एखादे स्थळ सुचविते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाल्याचे आढळले. कायदा २००६ चा आहे. ज्या बालविवाहाची तक्रार सोळाव्या वर्षी पोलिसांत जाते, त्याची तयारी अशी बाराव्या वर्षी, शाळेच्या बंद संडासापाशी सुरू झालेली असते.

आणि मौन? ते तर विभांडकाच्या आश्रमातले जसेच्या तसे आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून या मराठी समाजाला शरीराविषयी सरळ बोलावयास शिकविण्याचा प्रयत्न केला व त्यापायी खटले अंगावर घेतले. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २००७ मध्ये, शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर आपल्या विधिमंडळात काहूर उठले आणि तो थांबविण्यात आला. पुढे २०१४ मध्ये दहा ते एकोणीस वयासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. पण तो आरोग्यखात्याचा असल्यामुळे शाळेच्या फाटकाबाहेर घुटमळत राहिला. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमाव्यात असे २०२२ मध्ये ठरले; त्यांची खरी आठवण मात्र ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घृणास्पद प्रकारानंतर झाली. शाळा बोलत नाही आणि घर बोलत नाही, तेव्हा मुलगा हातातल्या मोबाईलला विचारतो. त्याला मिळणारे उत्तर गणिकेच्या उत्तराहून किती तरी अधिक ओंगळ असते. मुलींना एका खोलीत बसवून पाळीविषयी सांगावयाचे आणि मुलांना तेवढा वेळ मैदानावर सोडून द्यावयाचे, ही आपल्याकडील पद्धतही बंद झाली पाहिजे. टवाळी करणारा मुलगा आकाशातून पडत नाही. त्याला कोणी काही सांगितलेले नसते, म्हणून तो टवाळी करतो.

मग करावे काय? नव्या योजनेला नवे नाव देऊन फलक रंगविणे एवढे करू नये, ही पहिली विनंती. आमची सूचना अगदी साधी आहे व तिला पैसाही फारसा लागत नाही. सहावीत जो वर्गशिक्षक नेमला जाईल तोच त्या मुलांबरोबर सातवीत व आठवीत जावा. विषय कोणीही शिकवोत. मूल मात्र तीन वर्षे त्याच्याकडे असावे. गैरहजर मुलाच्या घरी जाण्यासाठी त्याला आठवड्यातून एक अर्धा दिवस मोकळा द्यावा, आणि त्या बदल्यात त्याच्या माथ्यावर रोज येऊन पडणाऱ्या ऑनलाइन माहित्यांपैकी निम्म्या कमी कराव्यात. न्यू यॉर्क शहरातील शाळांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पाचवी-सहावीनंतर वेगळ्या शाळेत गेलेली मुले, आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्या मुलांच्या तुलनेने, गणितात व भाषेत मागे पडत गेली असे त्यात दिसले. शाळा सुसज्ज, रस्ते पक्के, दाराशी गाडी, अशा शहरात जर जागेच्या व माणसांच्या पालटाने ही किंमत मोजावी लागते, तर तांड्यावरून चालत येणाऱ्या मुलाने ती किती मोजावी? उलट जपानात १९४७ पासून मधल्या तीन वर्षांची शाळा वेगळीच आहे आणि ती उत्तम चालते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तेथे ती शाळा या वयासाठी म्हणून मुद्दाम बांधली गेली. आपल्याकडे चौथीच्या खोलीला आणखी एक खोली जोडली, की मिडल स्कूल झाले!

हाताला काम देण्याचा वर्ध्याचा विचारही आम्हांला आज पुन्हा आठवतो. चरखा आलाच पाहिजे असे नाही. सोयाबीनच्या बियाण्याची घरच्या घरी उगवणक्षमता तपासणे, गोणपाटावर शंभर दाणे मांडून त्यांतील किती उगवले हे मोजणे, यात शेकडेवारीही आहे आणि जीवशास्त्रही. शिवाय बापाच्या उपयोगी पडल्याचा अभिमान आहे, जो या वयाला पोळीपेक्षा अधिक लागतो. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत २००५ पासून अशा तऱ्हेचे शिक्षण नव्याने चालू झाले आहे. वाशीमहून ती काही परदेशात नाही. जिल्ह्यातील शंभर शिक्षक तेथे आठ दिवस राहून आले, तर तो खर्च एका शिक्षण महोत्सवाच्या मंडपाहून जास्त होणार नाही.

वाशीम जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्यामुळे येथे अधिकारी येतात, तक्ते भरले जातात, गुणांकन होते. त्या तक्त्यांत सहावीत आलेल्या प्रत्येक मुलाचे आठवीपर्यंत काय झाले याचा रकाना असावा, एवढे तरी जिल्हा परिषदेने आपल्या अधिकारात करावे. संचमान्यतेसाठी पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा. त्यानंतर दसरा येतो, ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या टोळ्या निघतात, आणि सप्टेंबरात मोजलेल्या पटातील कित्येक मुले आईबापांच्या मागे ट्रकवर बसून निघून जातात. ती गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण मंजुरी दिवाळीनंतर आली तर तिचा उपयोग काय? या वर्षी ती मंजुरी गणपतीच्या आत हातात पडावी, आणि ज्या शाळांत सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली आहे त्यांची यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ३० सप्टेंबरच्या आधी गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे ठेवावी. शिक्षक काढला जाणार असेल तर मुलांसाठी गाडी कोणत्या तारखेपासून येणार, हे त्याच यादीत लिहिलेले असावे.